डाव्या नावेतला उपसा

१

जोडनावेवर सकाळचं पहिलं काम ठरलेलं असे आणि ते कुणालाच आवडत नसे. उठायचं, तोंडावर खारं पाणी मारायचं, नावेच्या पोटात उतरायचं आणि झिरपलेलं पाणी लाकडी भांड्याने उपसून बाहेर फेकायचं. दोन लांब नावा, त्यांना जोडणारे आडवे वासे, वाशांवर फळ्यांची माची आणि माचीवर केवड्याच्या पानांचं छप्पर, एवढाच सगळा संसार. फळ्या काथ्याने शिवलेल्या, फटींत नीरफणसाचा चीक भरलेला. तरी समुद्र कुठून ना कुठून आत शिरायचाच. उजवी नाव त्यातल्या त्यात शहाणी होती. डावी म्हणजे नुसती चाळणी.

म्हणून डावी मेहिती स्वतःकडे घ्यायची. ती या नावेची तांडेल, म्हणजे प्रमुख होती. मोतुहारा बेटावरची मोजकी माणसं घेऊन ती वाइतारेला निघाली होती, आणि तांडेलानेच अंग चोरलं तर बाकीच्यांनी काय करावं, असं तिचं म्हणणं. शिवाय मोतुहारात उपशाला मान होता. उपसणारा तो नावेचा माणूस, न उपसणारा तो सामान. मासळीत वाटा उपसणाऱ्याला. परक्या वाळूवर पाऊल टाकायचा हक्कही त्यालाच. नाव किनाऱ्याला लागली की तांडेलाने पुढच्या टोकाशी, नाळेवर उभं राहून एकेका उपसणाऱ्याचं नाव घ्यायचं, किनाऱ्यावरच्यांनी ते परत पुकारायचं, आणि मगच त्याने उतरायचं. सुकाणूचं वल्हं धरणारे तुआनुईमामा म्हातारे झाले होते. "माझ्या गुडघ्यांना सामानात धरा, बाकीचा मी उपसतो," असं म्हणून तेसुद्धा बसल्या जागेवरून थोडं पाणी बाहेर फेकायचे, हक्कापुरतं.

त्या सकाळी मेहिती डाव्या नावेत उतरली आणि तिचे पाय कोरड्या फळीवर पडले.

अगदी सुकी ठणठणीत नव्हती. फळ्या ओलसर होत्या. पण जिथे रोज घोटा बुडायचा तिथे तळ दिसत होता आणि तळावर भांड्याने खरवडल्याच्या ताज्या रेघा होत्या. भांडं जागच्या जागी वाशाला टांगलेलं होतं. मेहितीने वर येऊन विचारलं, माझं काम कुणी केलं? कुणीच कबूल होईना. तिची मुलगी नाइवा जांभई देत म्हणाली, "आई, तू सोडून एवढ्या सकाळी उठणारं इथे आहे कोण?" सगळे हसले. मेहितीही हसली. लाकूड फुगलं असेल, फटी मिटल्या असतील, असं तिने स्वतःला सांगितलं. लाकूड फुगतं हे खरंच होतं.

दुसऱ्या दिवशीही नाव कोरडी होती.

२

मोतुहारा आणि वाइतारे ही एकाच रक्ताची माणसं. खूप पूर्वी मोठी लाट आली, माडांचे शेंडे मोडून गेली, आणि अर्धी माणसं पोट भरायला वाइतारेला गेली. सुरुवातीला जाणं-येणं होतं, लग्नं होत होती. मग तुआनुईमामा सोडले तर वाट माहीत असलेले म्हातारे एकेक करून गेले आणि समुद्र तेवढाच राहून मध्ये वाढला. मेहितीचा नवरा अरेनुई वाइतारेचा. मोतुहारात येऊन संसार थाटलेला तो शेवटचा. नाइवा रांगत होती तेव्हा त्याने ठरवलं की ही तुटलेली वाट आपण सांधायची. नाव भरून माणसं घेऊन तो निघाला. तो पोचला नाही. परतही आला नाही.

त्यानंतर कुणी धीर केला नाही. मेहितीने केला. लोकांनी वेड्यात काढलं तरी तिने लहानाच्या मोठ्या झालेल्या पोरांना ताऱ्यांची आणि लाटांची ओळख करून दिली, झाडं तोडवली, काथ्या वळवला. नाइवाला तिच्या आजीच्या, अरेनुईच्या आईच्या हाती द्यायचं होतं. थोरल्या नातीवर बापाच्या आईचा हक्क, ही दोन्ही बेटांची रीत. मुलगी तिथे नांदली की वाट पुन्हा चालू होणार होती. मेहितीला आयुष्यात आणखी काही नको होतं.

निघताना मात्र एक चूक झाली. प्रवाळाच्या रांगेपाशी नाव आली की तांडेलाने समुद्राला आपली माणसं सांगायची असतात, नावानिशी, तुआनुई उपसेल, नाइवा उपसेल, असं. त्यापलीकडे अक्षर बोलायचं नाही. मेहितीने सगळी नावं घेतली. मग तिने मागे वळून पाहिलं. सगळं बेट गुडघाभर पाण्यात उभं राहून रडत होतं. तिचा ऊर भरून आला आणि ती मोठ्याने बोलून गेली, "जो कुणी उपसेल, त्याचं पाऊल वाइतारेच्या वाळूला लागेल."

किनाऱ्यावर आनंदाचा गलका झाला. मामांच्या हातातलं वल्हं तेवढं थांबलं. समुद्रावर 'जो कुणी' म्हणायचं नसतं, कोण ऐकत असेल सांगता येत नाही. ते काही बोलले नाहीत, आणि त्यांचं न बोलणंच मेहितीला जास्त लागलं.

३

आता ती आवाज ऐकू लागली होती. ऐकायचं नाही असं ठरवून ऐकत होती म्हणा.

दुपारी वारा पडला की शीड लुळं पडायचं, माणसं छपराखाली पेंगायची. मेहिती माचीच्या डाव्या कडेला पाठ टेकून बसे. पाठीखालून, फळ्यांच्या खालून, लाकडावर लाकूड घासल्याचा आवाज येई. खर्र. मग पाणी पडल्याचा. पुन्हा खर्र. लाटेचा आवाज असा नसतो. लाटेला दम लागत नाही. हा आवाज मध्येच थांबे, कुणीतरी हात बदलावा तसा, आणि पुन्हा सुरू होई.

ती उठून खाली डोकवायची नाही. वासे सैल झाले असतील, एखादा दोर घासत असेल. दोर कोणता, हे मात्र तिने तपासलं नाही. तांडेल असून तपासलं नाही, याची तिला लाज वाटत होती.

एकदा त्या आवाजानंतर लाकडी काठावर दोनदा ठोकल्याचा आवाज आला. टक, टक. भांड्याच्या तळाला चिकटलेलं शेवटचं पाणी झाडायची ती तऱ्हा. मोतुहारात कुणी तसं करत नसे. अरेनुई करायचा. तो घरी नारळाची करवंटीसुद्धा अशीच दोनदा ठोकून पालथी घालायचा, आणि मेहिती चिडायची की झोपलेली पोर उठेल.

आणि खरं सांगायचं तर भीतीच्या आधी तिला आनंद झाला. त्या आनंदाचीच तिला जास्त भीती वाटली.

४

मामांशी बोलावंच लागलं. ती वल्ह्यापाशी जाऊन बसली आणि इकडचं तिकडचं बोलत राहिली. मामांनी वाळवलेल्या माशाचा तुकडा तोंडात घोळवत सगळं ऐकून घेतलं.

"डावी बाजू जड चालतेय," ते शेवटी म्हणाले. "निघाल्यापासून वल्हं उजवीकडे दाबून धरतोय मी. खांदा गेला माझा."

"सामान तिकडे जास्त लागलंय का?"

"सामान मी लावलंय, मेहिती. मला शिकवू नकोस."

मग तिने विचारलं की पुकाच्या घरचं काय झालं होतं, नीट सांगा. तिला ते ठाऊक होतं. मोतुहारात प्रत्येकाला ठाऊक होतं, फक्त कुणी बोलत नसे. पुका मासेमारीला गेला तो बुडाला. त्याच्या बायकोने रांगेवर उभं राहून त्याला नावाने घरी बोलावलं, ये बाबा, तुझा वाटा काढून ठेवलाय. तो आला म्हणतात. तिच्या दारात ओली पावलं पाहिली होती माणसांनी. नंतर त्या घरातलं एकेक माणूस हातातलं काम टाकून उठलं आणि शांतपणे पाण्यात चालत गेलं, आधी धाकटं, मग थोरलं. हाका मारल्या तर वळूनही पाहिलं नाही.

"पाण्यातला माणूस वाईट नसतो गं," मामा म्हणाले. "त्याला घरचे हवे असतात, एवढंच. आपल्याला ते परवडत नाही."

"आपण परत फिरायचं का?"

"परत फिरलो तर मोतुहाराच्या वाळूला लागू. तिथे वाळू नाही का?"

पाण्यावर कायम राहता येत नाही. कुठेतरी लागावं लागतंच.

५

वाइतारेचे पक्षी दिसायला लागले त्याच दिवशी आभाळ फाटलं.

भर दुपारी अंधारून आलं आणि पाऊस आडवा आला. शीड उतरवेपर्यंत लाटा माचीवर चढल्या होत्या. उजव्या नावेची शिवण उसवली. मेहितीने सगळ्यांना तिकडे उतरवलं, नाइवाला, पोरांना, स्वतःही उतरली. भांडी, करवंट्या, ओंजळी, जे हाताला लागेल त्याने उपसा चालू झाला. मामा वल्ह्याला दोराने बांधून घेऊन उभे होते. डाव्या नावेत उतरायला माणूसच उरलं नव्हतं. ती भरणार, बुडणार आणि आपल्याला खाली ओढणार, हे सगळ्यांना कळत होतं, पण करणार काय?

मेहितीने कंबर सरळ करायला म्हणून मान वर केली. माचीवरून पावसाच्या पडद्यातून पलीकडची बाजू दिसत होती.

डाव्या नावेतून पाणी बाहेर फेकलं जात होतं. एका जागेहून नाही. नाळेपासून मागच्या टोकापर्यंत, एकामागून एक, शिस्तीत. इकडून फेक, तिकडून फेक, मध्ये श्वासापुरती उसंत. एवढे हात तिच्या सगळ्या माणसांना मिळून नव्हते.

तिने डोळे मिटले आणि खाली वाकून उपसायला लागली. शेजारी नाइवा म्हणाली, "आई, पलीकडे कोण आहे?"

"लाटा आहेत. हात चालव."

वादळ निघून गेलं तेव्हा डावी नाव रिकामी होती. सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते, मेहितीच्या पाया पडत होते. आपण बुडालो नाही ते कुणामुळे, हे तिला ठाऊक होतं. आता त्यांचा हक्क फुकटचा म्हणता येणार नव्हता. त्यांनी उपसलं होतं. तांडेलाने शब्द दिला होता, आणि त्यांनी आपली बाजू पुरी केली होती.

६

वाइतारे सकाळच्या स्वच्छ उन्हात समोर आलं. माड, पांढरी वाळू, धूर. शंख फुंकल्याचा आवाज आला आणि नावेवरची माणसं ओक्साबोक्शी रडायला लागली. मेहिती नाळेवर उभी होती. इतकी वर्षं ती या घटकेची स्वप्नं पाहत आली होती आणि आता किनारा जवळ येऊच नये असं तिला वाटत होतं.

प्रवाळाच्या फटीतून नाव आत आली. पाणी उथळ, हिरवं, तळ दिसणारं. किनाऱ्यावर सगळं गाव जमलं होतं. पुढे काठी टेकून एक वाळकी म्हातारी उभी होती. ती तेरुरा, अरेनुईची आई, हे कुणी सांगायची गरज नव्हती. नाइवाचं कपाळ आणि हनुवटी तिच्यावर गेली होती.

"कुणी उपसलं?" तेरुराने रीतीप्रमाणे विचारलं. आवाज मात्र चांगला खणखणीत होता.

मेहितीने नावं घ्यायला सुरुवात केली. पोरांची घेतली. किनाऱ्याने ती पुकारली, पोरं उड्या मारून वाळूवर गेली, आणि माणसांनी त्यांना मिठीत घेतलं. अनोळखी माणसं एकमेकांची नाकं, कान, बोटं निरखत होती आणि आपल्या घरच्या खुणा सापडल्या की हसत होती. मेहितीने नाइवाचं नाव घेतलं. तेरुराने ते असं पुकारलं की जणू पोर कालच खेळायला गेली होती. नाइवा उतरली.

माणसं उतरत गेली तशी उजवी नाव हलकी होऊन वर आली. डावी आली नाही. माची डावीकडे कलली, इतकी की मेहितीला वाशाचा आधार घ्यावा लागला. पाण्याची रेघ डाव्या काठाला टेकली होती. आत कुणी नव्हतं. तिने तिकडे पाहिलं नव्हतं, पण आत कुणी नव्हतं.

मामा वल्हं सोडून तिच्याजवळ आले.

"माझं नाव घे आणि लबाडी कर," ते हळू म्हणाले. "बाकी कुणी नाही म्हणून सांग."

"रांगेच्या आत तांडेल खोटं बोलत नाही, मामा."

"मग काय करतेस?"

"तांडेल सगळ्यांत शेवटी उतरतो. तो उतरला की प्रवास संपतो. संपला की ज्याचा त्याचा हक्क." तिचा आवाज तिलाच परका वाटला. "मी उतरले नाही तर प्रवास संपत नाही."

मामा तिच्याकडे बघत राहिले. तिच्या लहानपणी ती नारळाच्या झाडावर चढली आणि उतरता येईना तेव्हा त्यांनी असंच पाहिलं होतं. "मीही राहतो," ते म्हणाले.

"वाट तुम्हालाच ठाऊक आहे. तुम्ही गेलात तर पोरांना परत कोण नेईल? नाव नवी बांधता येते. आणि नाइवाकडे लक्ष ठेवायला माझं माणूस हवं." तिने तोंड किनाऱ्याकडे केलं आणि त्यांचं नाव घेतलं. किनाऱ्याने ते पुकारलं. पुकारल्यावर थांबता येत नाही. मामा रडत, गुडघ्यांना शिव्या देत उतरले, आणि उतरता उतरता एवढंच म्हणाले, "डावीकडे बघू नकोस हो, पोरी."

७

ओहोटीचं पाणी रांगेच्या फटीतून बाहेर ओढत होतं आणि वारा किनाऱ्यावरून होता. एकट्या बाईला शीड चढवणं अवघड, पण अशा वेळी नाव बाहेर काढणं तितकं नाही. मेहितीने दोर खेचला.

किनाऱ्यावर आधी कुणाला काही समजलं नाही. मग नाइवा ओरडली, पाण्यात धावली. मामांनी तिला कमरेला धरून मागे ओढलं. "आई, तू कुठे चाललीस?" हे शब्द मेहितीला स्पष्ट ऐकू आले. पुढचे तिने ऐकले नाहीत. ऐकले असते तर हातातला दोर सुटला असता.

तिच्या मागे, डावीकडे, उपसा चालू झाला. घाईचा नव्हता. नाराजीचाही नव्हता. खर्र, मग पाणी, मग खर्र. हे लोक तिच्यासारखेच दमले होते आणि त्यांना घरी जायचं होतं. "माफ करा," ती म्हणाली. "कुठेतरी नेईन मी तुम्हाला. इथे नाही." मग तिच्या अगदी पाठीशी दोनदा ठोकल्याचा आवाज झाला. तिचं सगळं अंग तिकडे वळायला निघालं. तिने वल्ह्याच्या दांड्यावर कपाळ टेकवलं, दात आवळले आणि वळली नाही. त्याचं नाव घेतलं नाही. इतक्या वर्षांत तिने कशासाठी म्हणून एवढा जोर लावला नव्हता.

फट जवळ आली. दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या. शेवटचं एकदा पोरीला पाहून घ्यावं म्हणून तिने किनाऱ्याकडे पाहिलं, आणि तिच्या ध्यानात आलं की तेरुरा तिच्याकडे बघतच नाहीये.

म्हातारीने काठी टाकून दिली होती. ती कमरेपर्यंत पाण्यात आली होती आणि डोळ्यांवर हाताची सावली धरून डाव्या नावेकडे पाहत होती. तिचा चेहरा फुलला होता. अख्खं आयुष्य तिने याच दिशेला पाहण्यात घालवलं असणार.

मेहिती किंचाळली, "बोलावू नका." लाटांच्या आवाजात ते तिलासुद्धा ऐकू आलं नाही. तिने दोन्ही हात हलवले. किनाऱ्यावरच्यांना वाटलं निरोप घेतेय. त्यांनीही हात हलवले.

तेरुराने तोंडाशी ओंजळ धरली आणि आपल्या मुलाला हाक मारली. तेवढी एक हाक पाण्यावरून सरळ आली.

नाव फटीतून बाहेर पडली. बाहेरच्या मोठ्या पाण्यात पहिल्या लाटेवर चढताना डावी बाजू बोटभर उचलली गेली. बोटभरच. एका माणसाच्या वजनाएवढी.

आता परत फिरणं शक्य नव्हतं. बाकीचे सगळे अजून नावेत होते आणि त्यांच्याही रक्ताची माणसं त्या किनाऱ्यावर होती. मेहितीला हे समजायला वेळ लागला नाही. तिने वल्हं सोडलं, पुन्हा धरलं. मग ती माचीवर उभी राहून लांब होत जाणाऱ्या वाळूकडे पाहत राहिली. मामा पाण्यातून म्हातारीला बाहेर आणत होते. त्यांचं सगळं लक्ष तिच्या पावलांकडे होतं. नाइवा एकटीच कोरड्या वाळूवर उभी होती. ती अजून हात हलवत होती.

मग तिचा हात थांबला. तिने शेजारी मान वळवून वर पाहिलं, आपल्यापेक्षा उंच माणसाकडे पाहावं तसं, आणि काहीतरी बोलली. आणि कुणाला जागा करून द्यावी तशी एक पाऊल बाजूला सरली.